न चमकणारे जंत

मी पीएचडीसाठी जंत पाळते हे आईला कधीच पटलं नाही. मंद्रूपला आमची मेंढरं आहेत. "आमी मेंढरांच्या पोटातलं जंत मारायला औशिद पाजतो, आन् तू त्येंला जेवू घालतीस व्हय?" असं ती आल्यागेल्यासमोर विचारते. माझे जंत पोटातले नाहीत, मातीतले आहेत, जेमतेम एक मिलिमीटरचे आहेत आणि कुणाचं काही बिघडवत नाहीत, हे मी पुष्कळदा सांगितलं. मग सांगायचं सोडून दिलं.

विष अंगात गेलं की या जंताच्या आतड्यात एक जनुक जागं होतं आणि बाकीच्या साफसफाईच्या जनुकांना कामाला लावतं. ते जनुकच काढून टाकलेला जंत लवकर मरतो. डाळिंबावर फवारतात त्या औषधाशी हे जनुक कसं झुंजतं, एवढंच मला बघायचं होतं. साफसफाई सुरू झाली की निळ्या उजेडात अंग हिरवं चमकावं, अशी सोय केलेले जंत आम्ही मागवले होते. औषध घातलेल्या प्लेटमध्ये, म्हणजे जंत वाढवायच्या बशीत, ते चमकले पाहिजेत आणि साध्या, बिनऔषधाच्या प्लेटमध्ये अजिबात नाही. हा फरक दाखवता आला नाही तर प्रबंधाला पायाच नाही. आणि मेअखेर माझी नोंदणी संपत होती. एकदा मुदत वाढवून झालेली होती.

मार्चपासून साध्या प्लेटमधले जंतही चमकायला लागले.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःला दोष दिला, दुसऱ्यात पाण्याला. नळाचं पाणी चार-चार दिवसांनी येतं, टाकीत साठतं, म्हणून ऊर्ध्वपातित पाण्याचे नवे कॅन आणवले. जंतांना खायला देतो ते जिवाणू बदलले. काचेची भांडी तीनतीनदा उकळली. तरी चमक कायम. मग सोलापूरच्या उन्हावर राग काढला. या जंतांना वीस अंश लागतात आणि बाहेर चव्वेचाळीस. ते ज्या कपाटात राहतात, फ्रिजसारखंच दिसणारं, आम्ही इनक्युबेटर म्हणतो, त्याची वीज गेली असेल आणि उकाड्यानेच बिचारे घाबरले असतील, असं वाटलं. म्हणून तासातासाने तापमान लिहीत बसले. काटा विसावरून हलला नव्हता. मी आपली साप साप म्हणून भुई थोपटत होते.

गाईड सर रोज दारातून विचारायचे, "आज तरी?" मी मान हलवली की ते म्हणायचे, "हात स्वच्छ ठेवत जा." हात! साबणाने माझ्या बोटांची सालं निघाली होती. त्या दिवसांत मी कुणाशी धड बोलले नाही. सगळ्यात जास्त मामांवर खेकसले. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले शिपाई, अक्कलकोटकडचे, कंत्राटावर लागलेले. भांडी धुणं आणि साफसफाई त्यांच्याकडे. फेब्रुवारीत एका प्लेटमध्ये मुंग्या शिरल्या होत्या, तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडले होते, "पुन्हा एक मुंगी दिसली तर तुम्हाला जबाबदार धरीन." त्यांनी नुसती मान डोलावली होती.

मेच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी मी इनक्युबेटरचे सगळे कप्पे बाहेर काढून फरशीवर बसले होते. मामा आले, खिशातून कापडाची पुरचुंडी काढली आणि माझ्या खांद्यावरून हात घालून कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली. तिथली जुनी पुरचुंडी उचलली, कप्प्यांआड मला कधी दिसलीच नव्हती ती.

"हे काय?"

"डांबरगोळ्या की. दर सोमवारी बदलतो."

"कधीपासून?"

"तुमी मुंग्यांचं बोल्लासा तवापास्नं. एक मुंगी आली न्हाय बघा." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर अभिमान होता. आमच्याकडे ट्रंकेतल्या चादरींपासून न्हाणीघरापर्यंत सगळीकडे डांबरगोळी टाकतात. माझ्या आईनेही हेच केलं असतं. तो वास म्हणजे जंतांना विषच, हे त्यांना कोण सांगणार होतं? मी तर सांगितलं नव्हतं.

मग त्यांनीच विचारलं, "तुमाला वास आला न्हाय व्हय?"

नाही आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा वास गेला, तो गेलाच. घरी माहीत होतं, इथे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. नाक बंद असलेल्या मुलीला रसायनांच्या कपाटाची किल्ली कोण देईल? सोमवारचे मामा सोडले तर ते इनक्युबेटर फक्त मी उघडायची. दुसऱ्या कुणीही उघडलं असतं तर पहिल्याच दिवशी नाक धरलं असतं. मला इतका राग आला की हातातला कप्पा फेकावासा वाटला. कुणावर फेकायचा ते मात्र ठरेना.

मुदतवाढीच्या अर्जात कारण लिहायचं होतं. सर म्हणाले, "वीजपुरवठा लिही. सगळे तेच लिहितात."

"वीज गेली म्हटलं तर वर्षभराची सगळी निरीक्षणं संशयात येतील, सर."

"मग शिपायाने घोळ घातला म्हणून लिही."

ते मी आदल्या दिवशी खरंच लिहून पाहिलं होतं. कंत्राटी माणसाला काढायला एवढी एक ओळ पुरते. मी तो कागद फाडला होता. नव्या अर्जात लिहिलं की मला वास येत नाही, हे मी लपवलं, आणि म्हणून माझ्या इनक्युबेटरमधल्या डांबरगोळ्या माझ्या लक्षात आल्या नाहीत. सरांनी तो दोनदा वाचला. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," असं म्हणून त्यांनी सही केली आणि रसायनांच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. आठ दिवसांनी अर्ज परत आला. कारण समाधानकारक नाही, असा शेरा होता.

इनक्युबेटर धुऊन, वारं देऊन, नव्याने जंत वाढवायला दोन पिढ्या जाव्या लागतात. जूनच्या पहिल्या तारखेला मी साधी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. निळा उजेड लावला. काळोख. औषधाची ठेवली, हिरवे दिवे लागावेत तसे जंत. औषधातल्याच, पण जनुक काढलेल्यांची ठेवली, पुन्हा काळोख. जसं व्हायला हवं होतं तस्संच. माझी नोंदणी आदल्या दिवशी संपली होती.

भांडी न्यायला आलेल्या मामांना मी हाताला धरून बसवलं आणि साध्या प्लेटवर डोळा लावायला सांगितलं. बराच वेळ ते वाकून बघत राहिले.

"कायबी दिसत न्हाय की, म्याडम."

"तीन महिने मला हेच हवं होतं, मामा."

त्यांनी डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "लई ब्येस झालं. मग आता कुणाला दावायचं?"