दुपारी आलेलं पाणी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हेही कधीकधी आठवत नाही. हे एक प्रकरण मात्र वेगळं राहिलं. दुपारी जेवून पडलो की डोळा लागता लागता पाइपातून पाणी सरकल्याचा आवाज येतो. आधी हवा सुटते, मग घरघर, मग धार. उठून बघतो तर नळ कोरडा. बायको म्हणते, "झोपा की. आज आपली पाळी न्हाई."

तेव्हा मी कोल्हापुरात सायबर गुन्ह्यांच्या तपासाला होतो. शहराला लागून असलेल्या एका गावाच्या पाणी योजनेची तक्रार आली. पूर्वी तिथं चावीवाला सायकलवरून हिंडून व्हॉल्व्ह फिरवायचा. आता ऑपरेटर मोबाईलवर बोट ठेवून गल्लीगल्लीचं पाणी सोडत होता. तक्रार अशी, की गावाच्या टोकाच्या गल्लीत पाळी नसताना, भर दुपारी पाणी येतंय. यंत्रणेत बाहेरचं कोणीतरी घुसतंय, असं योजना चालवणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं होतं.

स्थळ पाहणीला गेलो. गुऱ्हाळं पेटली होती, हवेत गुळाचा वास होता. गल्ली पेंगुळलेली. दारात तांदूळ निवडत बसलेल्या एका म्हातारीला विचारलं, "आजी, दुपारचं पाणी कोण सोडतंय?"

"कोण का सोडंना," ती म्हणाली. "स्वप्नात आल्यागत येतंय. कळश्या भरंपर्यंत ऱ्हातंय, मग जातंय. त्याला धरू नका, पावणं."

मी धरायलाच गेलो होतो. दोन दिवसांत खबर मिळाली. गावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढून सांगितलं, "गिरणीवाल्या अप्पांची थोरली बघा, साहेब. डिप्लोमा झालाय. सारखी लॅपटॉपात डोकं घालून असती. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं. काय करतीस म्हटलं तर हॅकिंग शिकतोय म्हणाली. तोंडावर."

तिला वडिलांसोबत दिवसा बोलावून घेतलं. महिला कॉन्स्टेबल शेजारी बसवली. वडिलांच्या भुवयांवर पीठ होतं. गिरणी बंद करून तसेच आले होते. पोरगी शांत होती. आमच्याकडच्या पोरींसारखी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची.

"योजनेच्या यंत्रणेत शिरलीस का?"

"व्हय. एकदा आत गेलतो. बघितलं, बाहेर आलो. लगेच योजनेच्या ऑफिसला मेल केली, की तुमचं दार उघडं हाय. उत्तर न्हाई आलं म्हणून परत केली."

"पाणी सोडलंस?"

"न्हाई. दुसऱ्याच्या यंत्रणेत हात लावायचा नसतोय, साहेब. बघायचं आणि मालकाला सांगायचं. आधी विचारून मग बघणं त्याच्याहून बरं, ते माझं चुकलं."

असलं कोण शिकवतं, मी विचारलं. ती सांगत गेली आणि मी, खरं सांगतो, ऐकत राहिलो. सरावासाठी मुद्दाम बनवलेल्या वेबसाइट असतात, ज्यांची कुलपं फोडायची परवानगी असते. पहिल्यांदा एक कुलूप उघडलं तेव्हा गिरणीच्या माडीवर होती. खाली दळण चालू होतं, सगळं घर थरथरत होतं. "डोळं मिटलं की तारा दिसत्यात," ती म्हणाली. "आपल्या गावाखालनं, घराखालनं गेलेल्या. कुठली कुठं जाती ते कळतंय असं वाटतं. मग झोप लागत न्हाई, आणि लागली तर तेच दिसतंय." एका कंपनीला तिनं त्यांच्याच परवानगीनं त्यांची चूक दाखवून दिली होती. त्यावरून पुण्याच्या एका फर्मनं मुलाखत घेतली आणि नोकरी देऊ केली. लोकांच्या यंत्रणांतली भोकं शोधून त्यांना कळवायची, हेच काम. फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणून द्यायचा राहिला होता.

वडील मधेच म्हणाले, "साहेब, पोरगी चुकली असंल तर माझ्यासमोर दोन थोबाडीत द्या. पण कागद करू नका."

तोवर माझा विचारही तोच होता. समज देऊन सोडायचं आणि मेल खरंच केल्या होत्या का ते तपासायचं. शेवटचं म्हणून विचारलं, "पासवर्ड कुठनं मिळाला?"

"अंदाज केला. ऑपरेटरच्या तालमीचं नाव आणि त्याच्या फुटबॉलच्या जर्सीचा नंबर. गाडीच्या मागं दोन्ही लिवलंय की त्यानं. आपल्याकडं सगळ्यांचं असंच असतंय." तिची नजर माझ्या टेबलाच्या काचेखालच्या फोटोवर गेली. आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा जुना फोटो. खालच्या रांगेत मी, छातीवर तालमीचं नाव आणि नंबर. "तुमचाबी तसलाच असंल, साहेब," ती म्हणाली, आणि माझा पासवर्ड अक्षर न चुकता सांगितला.

महिला कॉन्स्टेबल हसू दाबायला खोकली. दारातला हवालदार म्हणाला, "साहेब, आता बदला बगा." बाहेरच्या खोलीतही हशा झाला. पोरीनं चेष्टा केली नव्हती. डॉक्टरनं नाडी बघून सांगावं, तसं सांगितलं होतं. माझे कान मात्र तापले. मी हवालदाराला म्हणालो, "फिर्याद घ्या. गुन्हा दाखल करा."

यंत्रणेत अनधिकृत प्रवेश, एवढं कागदावर पुरेसं होतं. कायद्यात मात्र हेतू बघावा लागतो. अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. मला ते पाठ होतं. पीठ लागलेल्या हातांनी वडिलांनी जामीन म्हणून कागदांवर सह्या केल्या, आणि प्रत्येक सहीशेजारी पांढरा ठसा उमटला.

तपास मग फार सरळ निघाला. योजनेच्या सर्व्हरवरच्या नोंदी मागवल्या. दुपारचा प्रत्येक हुकूम ऑपरेटरच्या स्वतःच्या मोबाईलवरून गेला होता. त्याला बोलावलं, चहा दिला. पहिला घोट घेतला आणि तो बोलायला लागला. "टोकाच्या गल्लीत पाणी चढत न्हाई, साहेब. थोरली बहीण दिलीया तिथं. पाळीच्या दिवशीबी कळशी भरत न्हाई. दुपारी गाव झोपलेलं असतंय, तेवढ्यात सोडायचो. ठेकेदारानं विचारलं तवा भ्यालो, कुणीतरी आत शिरलंय म्हणालो. तिची मेल आलीच होती."

त्याचा जबाब घेतला. तिच्या मेलच्या प्रती फाइलला लावल्या. आता न्यायालयात 'क' समरी पाठवायची, म्हणजे हा गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असं कळवायचं, की प्रकरण मिटत होतं. ती समरी मी लिहिली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. पाठवली की वरून पहिला प्रश्न येणार होता: मेल न तपासता दाखल करायची घाई कशाला केली? बदली जवळ आली होती. बदलीनंतर जाऊ दे, म्हटलं.

मधल्या काळात तिचा दाखल्याचा अर्ज आमच्याकडे आला. 'गुन्हा दाखल, तपासावर' असा शेरा गेला. पुण्याची जागा दुसऱ्याला मिळाली. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यानं ड्रॉवर आवरताना समरी पाठवली आणि न्यायालयानं ती मंजूर केली.

मी निवृत्त झाल्यावर ती घरी आली. गिरणीच्या माडीवरून, कागद न मागणाऱ्या लांबच्या लोकांची कामं करून तिनं चांगलं नाव कमावलं होतं. आता एक मोठी संस्था घ्यायला तयार होती, पण या धंद्यात माणसाच्या हाती दुसऱ्याचं सगळं घर द्यायचं असतं. गुन्हा का दाखल झाला होता, याचा त्यांना लेखी खुलासा हवा होता.

"मला म्हाईत न्हाई, का झालता ते," ती म्हणाली. "म्हणून तुमच्याकडं आलो."

मी लिहून दिलं: तांत्रिक गैरसमजातून. तिनं वाचलं, कागद माझ्यासमोर परत ठेवला. "हे खरं हाय का, साहेब?"

हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलो. दुसरा कागद घेतला. स्टाफसमोर झालेला अपमान मला सहन झाला नाही, असं लिहिलं. लिहिताना बरं वाटलं, सुटल्यासारखं. तिनं तोही शांतपणे वाचला.

"ऑपरेटरचा जबाब झाल्यावर समरी लगेच का गेली न्हाई? मधी मोकळी जागा हाय मोठी."

तिला ड्रॉवर माहीत नव्हता. जबाब आणि समरी, या दोन कागदांवरच्या तारखा तिनं शेजारी ठेवून बघितल्या होत्या, एवढंच. माझ्या हाताखालून किती हुशार अधिकारी गेले. ती भेग कुणाला दिसली नाही. दार उघडं आहे हे सांगायला येणाऱ्या माणसालाच आम्ही आधी धरतो, हे या प्रकरणानं मला शिकवलं. आणि ज्या रागाला मी कारण समजत होतो, तो एका दिवसात विझला होता, हेही. तिची नोकरी गेली ती पुढच्या माझ्या गप्प बसण्यानं.

बाहेर दुपार होती. ती घाई न करता बसून राहिली. मी तिसरा कागद पुढे ओढला आणि ड्रॉवरपासून लिहायला सुरुवात केली.