एका बहिणीच्या दोन आंघोळी

माझ्या मामाने माझ्या आईच्या नावाने आंघोळ केली, तेव्हा आई चांगली जिवंत होती. आमच्या घरात तांदूळ पाखडत होती. मेलेल्याच्या नावाने आंघोळ करतात आणि मोकळे होतात, तशी त्याने केली. ती का केली हे सांगायचं तर आधी वडिलांच्या पंथाबद्दल सांगावं लागेल.

वडील मुंबईला गोदीत कामाला होते. पन्नास-एक्कावन्न सालच्या सुमारास खोकला घेऊन कायमचे घरी आले आणि खोकल्याबरोबर गळ्यात एक पांढरा दोराही घेऊन आले. तिकडे कोणा सोबत्याने त्यांना पंथात घेतलं होतं. आमचं घर मालवणजवळच्या एका वाडीत, समुद्राला लागून. पंथाची आणखी पाच-सहा घरं त्या भागात होती आणि त्यांच्यावर एक प्रमुख होता. त्या पंथाने वडिलांची दारू सोडवली, हे मी नाकारत नाही. दारू सुटली तसा आईवरचा हातही थांबला. त्यामुळे घरातल्या देवांचे टाक खाडीत सोडून आले तेव्हा आई गप्प बसली. तिच्याही गळ्यात दोरा आला. माझ्या आला. धाकटी बहीण पाळण्यात होती, तिच्याही आला.

मग नियम सुरू झाले. मासळी बंद. दोरा नसलेल्याच्या हातचं पाणीसुद्धा बंद. सण नाही, श्राद्ध नाही, सोयर नाही, सुतक नाही. आणि मेलेल्यासाठी रडायचं नाही, कारण मरण म्हणजे सुटका आणि सुटकेला रडतो तो अडाणी. मालवणच्या किनाऱ्यावर राहून मासळी सोडणं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. शेजारी बांगडे भाजायला लागले की वडील आमच्या खिडक्या लावून घ्यायचे. वास काय खिडकीला विचारून येतो? आई मान खाली घालून भात ढवळत राहायची. लहानपणी ती डोक्यासकट पेडवे चावून खायची असं मामी सांगायची.

आईचं माहेर मसुऱ्याला. तिथे तिची आई, थोरला भाऊ आणि भावजय. पंथात गेल्यावर जाणं-येणं आटलंच होतं, कारण जाऊन उपाशीतापाशी बसायचं तरी किती वेळ? एका सकाळी मसुऱ्याहून एक गडी धापा टाकत आला आणि दारातूनच म्हणाला, "आवस गेली. दादा तुमची वाट बघतत."

आपली आई गेली हे ऐकून आईने हातातलं सूप खाली ठेवलं आणि वडिलांकडे पाहिलं. वडील प्रमुखाला विचारायला गेले. परत आले ते त्याचंच वाक्य घेऊन, जसंच्या तसं: "दोरा नसलेल्याचं सुतक आपल्याला नाही." आईने सूप परत उचललं. ती रडली नाही, कारण रडायचं नसतं. तांदूळ मात्र पाखडत राहिली, पाखडून झालेले पुन्हा पाखडत राहिली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मला त्या सुपाचा आवाज अजून सहन होत नाही.

तिकडे मामाने प्रेत अंगणात ठेवून दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. लोक म्हणाले, उचला आता. त्याने उचललं. स्मशानातून परत आल्यावर विहिरीवर पहिली कळशी आजीच्या नावाने ओतून घेतली, मग दुसरी भरली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ही माझ्या भैणीच्या नावान. आज दोघांय गेली." हे आम्हाला आठवड्याभरात कळलं. अशा बातम्यांना होडी लागत नाही.

आमचा दोरा सुटला तो धाकट्या बहिणीमुळे. ती सहा-सात वर्षांची होऊन तापाने गेली. दुसऱ्या दिवशी पंथाची मंडळी आमच्याकडे भजनाला आणि जेवायला आली, तसा नियमच होता. आई वाढत होती. वाढता वाढता तिच्या हातातून भाताचं पातेलं सुटलं आणि ती तिथेच बसून मोठ्याने रडली. गुराला कापताना ते ओरडतं तसा आवाज होता. प्रमुखाने जेवण थांबवलं आणि तिला शिक्षा दिली. महिनाभर कोणाशी बोलायचं नाही, नवऱ्याशीही नाही, मुलीशीही नाही.

आईने ती शिक्षा पाळली! मला आजही कोणाचा राग जास्त यावा ते कळत नाही, देणाऱ्याचा की पाळणारीचा. महिना संपला त्या दिवशी वडील चुलीपाशी आले. कोयत्याने त्यांनी आधी स्वतःचा दोरा कापला, मग आईचा, मग माझा. तिन्ही चुलीत टाकले. त्यानंतर ते दारूकडे वळले नाहीत आणि देवाकडेही नाहीत. पडवीत बसून जाळी विणत राहिले, मरेपर्यंत.

पंथाच्या घरांनी आम्हाला टाकलं आणि गावाने तर आधीच टाकलेलं होतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. लोक समजतात दोरा कापला की माणूस सुटला. दोरा कापायला क्षण लागतो, घसा सुटायला वर्षं जातात. शेजारच्या काकूने आपणहून बांगड्याची आमटी आणून दिली. आईने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मागच्या दारी धावत जाऊन ओकली. मासळीने नव्हे. दुसऱ्याच्या हातचं होतं म्हणून. मनाने नियम सोडला होता, पोटाने नव्हता. ती तोंड धुऊन आली, परत बसली, परत ओकली.

माझी कथा वेगळीच. मी आवडीने खाल्लं आणि काटा घशात अडकवून घेतला. मालवणची पोर आणि तिला काटा काढता येत नाही! काकू हसावं की रडावं अशा चेहऱ्याने म्हणाली, "भाताचो गोळो गीळ गो. चावू नको, गीळ." आमच्या वाडीतलं दुडदुडणारं पोरसुद्धा जिभेने काटा वेगळा काढतं, मला ते पंधरा-सोळाव्या वर्षी शिकावं लागलं. पोरी मला बघून फिदीफिदी हसायच्या. मी त्यांना शिव्या द्यायची. शिव्या मात्र मला लवकर आल्या.

या सगळ्यात आईचा एकच ध्यास होता, भावाकडे जायचं. काय म्हणेल, दारात घेईल का, याची भीती इतकी की दोन पावसाळे तिने नुसते मनाशी बोलण्यात घालवले. एके वर्षी चतुर्थीचे गणपती गेले, पाऊस जरा ओसरला, आणि तिने टोपलीत आमच्या मांडवावरचं मोठं तवसं, म्हणजे काकडी, ठेवलं. रिकाम्या हाताने माहेरी कसं जायचं? म्हणाली, "चल." होडीने खाडी ओलांडून, पुढे चिखल तुडवत आम्ही मसुऱ्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

आमच्या घरात इतकी वर्षं तिथी पाळलीच नव्हती. पितृपक्ष चालू आहे हे आम्हाला माहीत होतं, असं म्हणायचीही सोय नाही. दुसरी कुठलीही बाई महाळाच्या दिवशी आमंत्रणाशिवाय कोणाच्या दारात उभी राहिली नसती. आम्ही राहिलो.

मामा ओल्या पंचाने अंगणात उभा होता. समोर गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, केळीची तीन पानं वाढून ठेवलेली. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, खीर. तो हात जोडून कावळ्यांची वाट बघत होता. आम्हाला पाहिलं आणि त्याचे जोडलेले हात तसेच राहिले. मामी ओटीवरून खाली आली आणि तीही थबकली.

मला गप्प बसता येत नाही. मी मोजलं, आजोबांचं एक, आजीचं एक. विचारलं, "मामी, तिसरा पान कोणाचा?"

मामीने पदर तोंडाला लावला. "तुझ्या आवशीचा," ती म्हणाली. "आंघोळ केली ना हेनी. मगे पान नको घालूक?"

तिसऱ्या पानावर वडे होतेच, पण इतर दोन पानांवर नव्हतं असं एक तिथे होतं. शिरवाळे, तांदळाच्या उकडीच्या शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या. आईला जगात त्याच्यापेक्षा काही आवडत नसे. मामी हळूच सांगत होती. शिरवाळे दरवर्षी ह्या एका पानासाठी होतात. घरात दुसरं कोणी ते खात नाही. आणि कावळा दोन्ही पानांना शिवतो, पण ह्या पानाला कधी म्हणून शिवला नाही. मग मामा संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहतो आणि शेवटी पान गाईला घालतो. बहिणीचा राग गेलेला नाही, असं त्याने धरून ठेवलं होतं. जितीच्या पानाला कावळा कसा शिवेल, असं मामीचं मत. माझं मत विचाराल तर शिरवाळे गिळगिळीत असतात, कावळ्याला ते उचलायला जमत नसतील.

आईने टोपली खाली ठेवली. गडग्यापाशी गेली, आपलं पान दोन्ही हातांनी उचललं, आणि खालच्या पायरीवर मांडी घालून बसली. मामी ओरडली, "गो बाय, मेलेल्याचा पान ता!" आई जेवायला लागली. वडे खाल्ले, सांबारं पुसून खाल्लं, शिरवाळे शेवटी खाल्ले, रसासकट. दुसऱ्याच्या हातचं अन्न तिच्या पोटात राहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी उभी राहून तिच्या ओकण्याची वाट बघत होते. ती ओकली नाही.

मग मान वर करून म्हणाली, "दादा, कावळो येवचो नाय. तुझो राग कधी जातलो?"

मेलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हा मामाचा प्रश्न असावा. आडदांड, रीतीला घट्ट माणूस तो. आत गेला तो बाहेर आला नाही. पण निघताना मामीने टोपली परत दिली तेव्हा तिच्यात सोललेले नारळ होते, आणि मामी आमच्यापाशी बसलेली असताना परसातून ते सोलल्याचा आवाज आम्ही ऐकला होता.

पुढच्या वर्षीपासून तिसरं पान बंद झालं, एवढं मामीने कळवलं. आई जात राहिली. भाऊबीजेला ती ताट घेऊन बसायची, तो पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा आणि नजर निरांजनावर ठेवायचा. तिला हाक मारायचा नाही. पूर्वी "बाय" म्हणायचा, तो शब्द त्याने गिळला होता. आमच्या घरी तर त्याने पाऊल टाकलं नाही. मामीच्या सांगण्याप्रमाणे त्याने भटजींना विचारलं होतं, एकदा घेतलेली आंघोळ परत देता येते का. भटजी म्हणाले असा विधी नाही. देवळात कौल लावला, देवाने कौल दिला नाही. प्रमुखाकडे उत्तर होतं तेव्हा ते दुष्ट होतं, आणि इथे कोणाकडे उत्तरच नव्हतं. मी म्हणायची, "आये, सोड त्याका. तो काय हाक मारूचो नाय." आई म्हणायची, "मारतलो. एक दिवस मारतलो."

आई गेली ती साठ साल उलटून बराच काळ झाल्यावर, पोटाच्या दुखण्याने. वडील तिच्या आधीच गेले होते. वाडीतले लोक कुजबुजले, मेलेल्याचं पान खाल्लं होतं ना तिने. मी एकीच्या तोंडावर सांगितलं, पान खाऊन ती इतकी वर्षं जगली, तू न खाता जगून दाखव.

मसुऱ्याला सांगावा धाडला. कोणीतरी म्हणालं, फार वेळ थांबायला नको, तो काय येतोय. मी म्हणाले, थांबायचं. त्याने त्याच्या आईला संध्याकाळपर्यंत थांबवलं होतं, माझी आईही थांबेल. दुपार कलली तेव्हा तो आला. पहिल्यांदा आमच्या दारात. वाकला, तिच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि म्हणाला, "बाय."

ती हाक तिला ऐकू येण्यासारखी राहिली नव्हती. मी त्याला तिथेच ढकलून देणार होते. का दिलं नाही ते ठाऊक नाही.

किनाऱ्यावर आईला अग्नी देऊन पुरुषमाणसं परत आली आणि आमच्या घरामागच्या विहिरीवर आंघोळीला लागली. मी मागच्या दारात उभी होते. एकाने मामाच्या पुढे भरलेली कळशी ठेवली. मामाने ती उचलली, बराच वेळ हातात धरली, आणि परत काठावर ठेवली.

"बायच्या नावाची आंघोळ मी करूचंय नाय," तो म्हणाला. "एकदा केलंय, तेव्हा ती जिती होती."

लोक समजूत घालायला लागले. विटाळ आहे, असा घरी कसा जाणार, तूच असं करायला लागलास तर बाकीच्यांनी काय करायचं? ज्याने आयुष्यात एक तिथी चुकवली नाही त्याला हे सगळं ते शिकवत होते. तो ऐकून घेत उभा राहिला. मग वहाणा पायात सरकवून, पायांवर राख आणि वाळू तशीच घेऊन, होडीच्या वाटेला लागला.

मामीने नंतर मला सांगितलं, तो त्याच अंगाने घरात आला आणि चुलीपाशी बसला. तिने त्याला अडवलं नाही.