उकळलेलं दही

आम्ही हरसूलकडचे. तवा दिंडोरीला द्राक्षाच्या मळ्यात छाटणीला आलो व्हतो. नवरा, सासू, मी आन् माझी थोरली, दीड वर्साची. तिला गोवर येऊन गेला आन् पाठोपाठ हगवण लागली. दूध पाजलं की पोट फुगायचं, तासाभरात पाण्यावानी भाईर. डोळे खोल गेले.

दवाखान्यातली नर्सबाई आठवड्याला मळ्यात यायची. म्हणली, "मीठ-साखरेचं पाणी चालू ठेव. दूध बंद कर, ताजं दही दे."

सासू म्हणली, "गोवरातून उठलेल्या पोरीला दही? गार पडंल. त्या नर्सबाईला पोरं हायेत का?"

"दोन हायेत."

"मंग त्यांला चारू दे म्हणावं."

मी मधला रस्ता काढला. मळेवाल्याच्या घरून वाटीभर दही आणायची आन् गारवा जावा म्हणून हळद टाकून चुलीवर उकळायची. ते फाटायचं. वरचं पाणी गाळून पोरीला पाजायची. आठवडा गेला, हगवण थांबली नाय.

नर्सबाई परत आली, वाटी बघितली. मी सांगितलं तशी ती खालीच बसली. "अगं, दह्यात बारीक जिवंत जंतू असतात. दुधातली साखर हिच्या पोटाला पचत नाही. ते जंतू ती साखर खातात, तिचं आंबट करतात. पोटात गेल्यावरही त्यांचं काम चालू राहतं. तू त्यांनाच उकळून मारलंस."

मी म्हणलं, "बाई, जंतू मारायला पाणी उकळा, हे तुमीच शिकवलं की."

तिनं वाटीतलं फाटलेलं दही वतून दिलं.

मंग कच्चंच दही दिलं. पोरीनं तोंड वाकडं केलं, तरी तीन चमचे खाल्लं. हगवण जरा कमी झाली, पण अंगात काय उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिशी दुपारी माझ्या मांडीवर गेली.

सासू म्हणली, "म्हणलं व्हतं, गार पडंल."

नर्सबाईला मी इचारलं, "आधीच कच्चं दिलं असतं तर वाचली असती का?"

"सांगता येत नाही गं."

खोटं बोलली असती तरी चाललं असतं. दोन दिसांनी मी परत छाटणीला उभी ऱ्हायले.

पुढं धाकटीला तशीच हगवण लागली. दही आणलं, सासूच्या देखत चमचा भरला. ती म्हणली, "हिलाबी मार."

मी चमचा धाकटीच्या तोंडाला लावला. वाटी चुलीवर ठेवली नाय. धाकटी वाचली. कशानं वाचली, ते मला ठाव नाय.