गुंगी उतरल्यावर

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा त्यांना इंदापूरहून बारामतीला हलवलं. उजवी बाजू लुळी पडली होती. तोंडात व्हेंटिलेटरची नळी आणि सलाइनमधून गुंगीचं औषध. रोज सकाळी ते थांबवून डॉक्टरबाई हाका मारत, बोटं हलवायला सांगत. आबा डोळे जरा किलकिले करत, बाकी काही नाही. "त्यांची किडनी मंद आहे, औषध अंगात साठलं असेल," त्या म्हणत. आईनं तेवढंच धरून ठेवलं. भेटायला येईल त्याला सांगायची, "अवशद उतरलं न्हाय अजून."

मग डॉक्टरबाईंनी गुंगीचा वायू सुचवला. व्हेंटिलेटरमधूनच द्यायचा; श्वासाबरोबर आत, श्वासाबरोबर बाहेर. त्यानं डोक्यातला दाब वाढू शकतो, म्हणून तो सगळ्यांना चालत नाही. आबांचा दाब आता आटोक्यात होता. "बंद केला की लवकर उतरतो. आबांना किती कळतंय ते नीट समजेल."

माझा स्वभाव घाईचा, मी लगेच हो म्हटलं. आई भडकली. "एवढी कसली घाई हाय तुला?" मलाही तिचा राग आला. कॅंटीनमध्ये चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. वायू उतरूनही आबा उठले नाहीत, तर औषधाला बोल लावायची सोय उरणार नव्हती. चहा मला संपवता आला नाही.

वायू बंद केला त्या सकाळी आम्हा दोघींना आत घेतलं. आबांनी डोळे चांगले उघडले. डॉक्टरबाई कानाशी वाकून म्हणाल्या, "आबा, दोन बोटं दाखवा." पुन्हा, जरा मोठ्यानं. डावा हातही चादरीवर तसाच. मला डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याकडे बघवेना.

आई पलंगाच्या पायथ्याशी गेली, आबांच्या नजरेसमोर उभी राहिली आणि मूठ वर करून गोल फिरवली.

आबांचा सगळा जन्म साखर कारखान्यात, ऊस गाळायच्या मिलवर गेला. तिथल्या धडधडाटात कुणी बोलत नाही, खुणा करतात. मूठ फिरवली की, चालू आहे का? उत्तरही तसंच. आमच्या वसाहतीत मिलवरून निवृत्त झालेले सगळेच कमी ऐकतात, घरोघरी त्याच खुणा. बारामतीत दाखल करताना "आणखी काही त्रास?" असं विचारलं, तर आम्ही नाही म्हणालो होतो. बहिरेपण त्रासात धरायचं कुणाला सुचलंच नाही.

आबांची डावी मूठ चादरीवरून थोडी वर आली आणि सावकाश फिरली.

"ऐकू येत न्हाय ह्यास्नी," आई रडत डॉक्टरबाईंना म्हणाली. "सांगायचंच ऱ्हायलं बघा."