लिंगाची डबी

कंपवातावरची नवी गोळी सुरू झाली आणि भवानी पेठेतल्या वीरभद्रप्पांच्या हाताची थरथर थांबली. पण मटक्याचा नाद लागला तोही तेव्हापासूनच. जन्मात पत्त्याला न शिवलेल्या या माणसानं गळ्यातलं लिंग रुमालात बांधलं आणि त्याची चांदीची डबी आकड्यावर लावली. मटकेवाल्या शरणप्पानं, स्वतः लिंगायत असून, ती घेतली. हा नाद गोळीमुळेच लागतो, असं डॉक्टर म्हणाले होते. नवरा आजारी होता, शरणप्पा धडधाकट. त्याला वीरभद्रप्पांची बायको गौरम्मा सोडणार नव्हती.

त्याच्या घरी लिंगायतांचे गुरू जंगमस्वामी यांची पाद्यपूजा होती, तोच दिवस तिनं मुद्दाम धरला. भरल्या पंगतीत तिनं सगळं सांगितलं. स्वामी ताटावरून उठले.

शरणप्पानं धावत डबी आणून दिली. "अक्का, आता तरी गप बसा की!"

"बसते की. आधी गल्लीत सांगून येते."