कोपऱ्यातली ओळ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढीला साबण लावून बसलो होतो. "भावजी, या बघू लगेच... हे उठंनात." तसाच अर्ध्या दाढीनं धावलो. माझा जुना दोस्त वसंत कुशीवर झोपल्यासारखा, चष्मा उशीजवळ. डॉक्टर आले, बघून मान हलवून गेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता फळ्यावर कोण लिवायचं ओ?" परक्याला हा प्रश्न वेड्यासारखा वाटेल. आमच्या गल्लीत पहिला प्रश्न तोच होता. याला सव्वा महिना झाला, पण मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही चार ओळी झाल्या की उठतोय, दारापर्यंत जातोय, परत येतोय.

आमच्या तालमीच्या भिंतीवर पत्र्याच्या आडोशाला एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार, कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या घरी बारसं आणि कोण गेलं, रक्षाविसर्जन किती वाजता... तीस-पस्तीस वर्षं सगळं वसंतच्या हातचं. दिवसभर कारखान्यात फिटर, नखांत कायम काळं ग्रीस, पण अक्षर मोत्यासारखं. मी चिडवायचो, "वश्या, मास्तर व्हायचास, चुकून पाना हातात घेतलास." तो म्हणायचा, "गप ए, खडू दे." गल्लीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा आम्ही आपापली गाठोडी घेऊन पळत होतो आणि हा बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून कुठलं कुटुंब कुठल्या शाळेत हलवलंय ते लिहीत होता. मी ओरडलो, "अरे, तुझी बायको-पोर कुठं हाय ते तरी बघ!" तर म्हणाला, "त्यास्नी पयलं पोचवलंय. मगच खडू घेतलाय."

हे अगदी खरं होतं. घर आधी, मग गल्ली. फळ्याचा उजवीकडचा खालचा कोपरा त्यानं घरासाठी राखून ठेवला होता. वहिनी शिवणवर्गाला जायच्या, हा कारखान्यात, आणि पोरगी शुभा शाळेतून एकटी यायची. तिच्यासाठी तो कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून जायचा. 'चावी कुंडीखाली.' 'भात कुकरात हाय, आमटी तापवून घे.' शुभा कॉलेजला गेली, लग्न होऊन गडहिंग्लजला गेली, घरोघरी मोबाईल आले, तरी ती माहेरी येणार असली की कोपऱ्यात ओळ असायचीच. 'एसटी स्टँडवरनं रिक्षानं ये, पायी नको.' आता ती फळा वाचणार म्हणजे रिक्षानं नाहीतर पायी गल्लीत पोचल्यावरच की! मी हे बोललो तर हसला आणि म्हणाला, "आसूदे की. तिला सवय हाय." ती सूचना कुणाच्या कामाची नव्हती. पण अख्खी गल्ली ती वाचायची आणि शुभा येणार म्हणून खूश व्हायची.

त्याचा एक नियम होता. मयताची बातमी लिहायची तर फळा आधी पूर्ण पुसायचा, ओल्या फडक्यानं, दोनदा. "माणूस गेलाय, त्याच्या उशाला पाण्याची सूचना नको," असं म्हणायचा. त्या सकाळी मी तोच नियम पाळला. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, चष्मा घरीच राहिला होता, माणसं जमायला लागली होती. फडकं भिजवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पुसलं. मग वाकड्यातिकड्या अक्षरात त्याचं नाव लिहिलं, खाली रक्षाविसर्जनाची वेळ.

शुभा त्या दिवशी दुपारी येणारच होती. ती सकाळीच आली, रडत आली. घरात शिरायच्या आधी फळ्यासमोर उभी राहिली आणि मला विचारलं, "काका, कोपऱ्यात काय लिहिलं होतं?"

वसंतनं आदल्या संध्याकाळी तिच्यासाठी लिहिलेली शेवटची ओळ मी न वाचता पुसून टाकली होती. नंतर गल्लीत ज्याला-त्याला विचारलं. कुणी म्हणालं पाण्याची वेळ वाचली, कुणी म्हणालं लक्षच गेलं नाही. रोज दिसणारी गोष्ट कोण बघतंय! पण तेव्हा तिच्या तोंडाकडं बघून मी बोलून गेलो, "पोरी, 'लवकर ये, वाट बघतोय' असं लिवलं होतं." तिनं पदरानं डोळे पुसले आणि आत गेली.

तेव्हापासून मला चैन नाही. जेवताना आठवतं, देवळात आठवतं. मित्राच्या तोंडी खोटं घातलं, तेही त्याच्या पोरीपाशी. बाराव्यानंतर ती सासरी निघाली तेव्हा धीर करून म्हणालो, "शुभा, ते फळ्यावरचं... मी वाचलंच नव्हतं बघ. पुसलं तसंच."

ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं, काका. बाबा असलं कधी लिहितील व्हय? वाट बघत असते तरी त्यांनी 'छत्री आण' असंच लिहिलं असतं." आणि सगळ्यांदेखत आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता मला रडूच कोसळलं. तिनं पिशवी खाली ठेवली, तालमीच्या खिडकीतला खडू घेतला, वाकून कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि रिक्षात बसली.

आता फळा मी लिहितो. अक्षर भिकार आहे, लोक तोंडावर सांगतात. चष्मा लावल्याशिवाय फडक्याला हात लावत नाही. काल खालच्या आळीतल्या एक आजी गेल्या, तर वसंतच्या नियमानं फळा दोनदा पुसला. तेवढा कोपरा मात्र राहू दिला. तिथं शुभाच्या हातचं आहे, 'काका, आईकडं चहाला जात जा.'

चार वाजत आले. वहिनींनी आधण ठेवलं असेल.