सिस्टरांच्या टाकीतलं शेवाळ

ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या बाईला घाण दिसली की तिचं डोकं फिरतं. निवृत्तीनंतरही सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची आणि चार हात लांबच असायची. बैठकीच्या खोलीत त्यांची खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. तीत प्रवाळ आणि पाच मासे. जांभळ्या टोकांचं एक प्रवाळ त्यांनी नखाएवढ्या तुकड्यापासून सहा वर्षांत ओंजळभर वाढवलं होतं.

त्या टाकीत शेवाळ आलं. आधी काचेवर तपकिरी थर, मग दगडांवर हिरवे केस. सिस्टर बाह्या सरसावून टूथब्रशने खरवडायच्या, केस उपटून बादलीत टाकायच्या. चार दिवसांत पुन्हा जैसे थे. दिव्यांची वेळ कमी केली, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. पाणी तपासलं तर फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं आवडतं खाद्य, भरपूर. येतं कुठून?

संशय गेला टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानदारावर, कारण मीठ त्याचंच. अर्धी पिशवी नेऊन त्यांनी गल्ल्यावर आपटली.

"भेसळीचा माल विकता आणि वर तोंड करून बसता?"

"सिस्टर, मीठ ठीक आहे. वरून घालता ते पाणी कुठलं?"

"मला पाणी शिकवता? फिल्टरचं! गेली अकरा वर्षं!"

चार गिऱ्हाइकं बघत होती. त्यातला एक जण हातातलं पाकीट तसंच ठेवून निघून गेला.

दोन आठवड्यांनी जांभळं प्रवाळ पांढरंफटक पडलं. शेवाळाने त्याला बुडापासून गुंडाळलं होतं. सिस्टर रडल्या नाहीत. तपासणीची पेटी काढून घरातलं एकेक पाणी तपासायला बसल्या. मीठ कालवलेलं पाणी स्वच्छ. फिल्टरमधलं स्वच्छ. राहिला टाकीशेजारचा पाण्याचा जग. टाकीतलं पाणी उडून कमी होतं, ते भरून काढायला धाकटा भाऊ रोज सकाळी त्यातून पाणी घालायचा. त्याची बायको गेल्यापासून तो इथेच राहत होता. जगमधल्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकले आणि काचेची नळी गर्द निळी झाली, म्हणजे फॉस्फेट इथूनच.

"हे कुठलं पाणी?"

"नळाचं," पेपरातून डोकं न काढता भाऊ म्हणाला. "झाले तीनेक महिने. तुझा फिल्टर थेंब थेंब गळतो, ताई. कोण ताटकळणार? पाणी ते पाणी. आपण पितोच की."

"तीन महिने मी दगड घासतेय! हातांची सालटी निघाली, तुला दिसली नाहीत? त्या माणसाला भर दुकानात चोर ठरवून आले, तेव्हाही मूग गिळून बसलास?"

"सांगणार होतो!" आता भाऊही उसळला. "पण तुला काही सांगायची सोय आहे का? कपबशी फुटली तरी आठवडाभर ऐकावं लागतं!"

सिस्टर आणखी भडकल्या. त्यांनी भिरकावलेला जग स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटून फुटला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच त्या हजर. "मीठ चांगलं होतं. चूक आमच्या घरची."

दुकानदाराने मान वर केली नाही. "बोललात चार लोकांसमोर. माफी मात्र एकांतात?"

सिस्टरांच्या कपाळाची शीर उडायला लागली. या माणसाची ही हिंमत! पण तो खरं बोलत होता. त्या पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. पाऊण तासाने एक जोडपं आलं, मागोमाग एक म्हातारा. सिस्टर उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "यांचा माल चोख आहे. मी यांना भेसळखोर म्हणाले, ते खोटं होतं."

म्हाताऱ्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "बरं."

दुकानदाराने शेवाळ खाणाऱ्या डझनभर गोगलगायी बांधून दिल्या. हसला मात्र नाही.

शेवाळ हटायला अडीच महिने लागले. जांभळं प्रवाळ गेलं ते गेलंच. भावाशी त्या नऊ दिवस बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी तोच समोर येऊन उभा राहिला.

"ताई, काच पुसताना माझ्या हातून दगड घसरला. एक गोगलगाय मेली."

सिस्टरांनी दात आवळले. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात भांडी आपटत होती.